पोरांना वाटायचं सगळं फुकट: स्विंडन या रेल्वेगावातल्या बालपणाचं एक प्रकरण

जुलैची सुरुवात, पहाटेची वेळ, अजून नीट उजाडलेलंही नाही आणि अख्खं गाव रस्त्यावर. बायकांच्या हातात पिशव्या, बापाच्या खांद्यावर ट्रंक, पोरांच्या पायात नवेकोरे कॅनव्हासचे बूट, आणि ही सगळी गर्दी स्टेशनकडे नाही तर कारखान्याकडे चाललेली, कारण एवढ्या गाड्या स्टेशनात लावायला जागाच नसायची, त्या कारखान्याच्या आवारात साइडिंगला उभ्या असायच्या. तिथं प्लॅटफॉर्म कुठला? शिडी लावून चढायचं, पोरांना खालून उचलून वर द्यायचं, वरून कुणीतरी ओढून घ्यायचं. मग गाडी सुटली की समुद्रावर, कुणी वेमथला, कुणी वेस्टन-सुपर-मेअरला, कुणी पार कॉर्नवॉलला सेंट आइव्हजला. आठवडाभर गाव रिकामं.

याला इंग्लंडमधल्या स्विंडनमधे नुसतं 'ट्रिप' म्हणायचे. कुठली ट्रिप, कसली ट्रिप असं कुणी विचारायचं नाही.

मी नोकरीच्या निमित्तानं दोनेक वर्षं स्विंडनमधे होतो. भाड्याच्या खोलीत राहायचो, घरमालकीण बाई ऐंशीच्या पुढच्या, वडील कारखान्यात, काका कारखान्यात, नवरा कारखान्यात. त्या ट्रिपबद्दल बोलायला लागल्या की चहा गार व्हायचा. माझं स्वतःचं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधे गेलेलं, बाबा फिटर, त्यामुळे पास, ड्यूटी, शिफ्ट हे शब्द मला दूध-भाकरीसारखे, आणि त्यांनाही ते कळलं असावं म्हणून त्या मोकळेपणानं बोलायच्या. त्या गोष्टी ऐकताना आणि नंतर त्या गावाचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली, त्यावरच हे प्रकरण लिहितोय. ती अशी, की या गावात जी पोरं मोठी झाली त्यांना डॉक्टर, पोहायचा तलाव, लायब्ररी, केक, समुद्र हे सगळं 'कंपनी द्यायची' म्हणून आठवतं, आणि हिशोब बघितला तर त्यातलं बरंचसं त्यांच्या बापाच्या पगारातून कापलेलं होतं. पोरांची आठवण खोटी नाही, हिशोबही खोटा नाही, पण दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय हे गाव कळत नाही.

गाव कसं झालं

थोडक्यात सांगतो. स्विंडन म्हणजे लंडनच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर, विल्टशरमधे. १८४१ साली टेकडीवरचं अडीच हजार वस्तीचं बाजाराचं गाव, बस. लंडन ते ब्रिस्टल जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेला इंजिन दुरुस्तीची जागा हवी होती, डॅनियल गूच या तरुण इंजिन-अधिकाऱ्यानं १८४० मधे रेल्वेच्या मुख्य इंजिनियर ब्रुनेलला स्विंडन सुचवलं आणि जानेवारी १८४३ मधे कारखाना सुरू झाला. टेकडीखालच्या शेतात कामगारांसाठी साधारण तीनशे दगडी घरं बांधली गेली, ती रेल्वे व्हिलेज. गल्ल्यांना नावं दिली ती लाइनवरच्या गावांचीच, ब्रिस्टल स्ट्रीट, एक्सेटर स्ट्रीट, टॉन्टन स्ट्रीट, रीडिंग स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट. म्हणजे ज्या पोरानं गाव सोडून बाहेरचं काही पाहिलेलं नाही त्यालाही खेळता खेळता रेल्वेचा नकाशा पाठ. ही गोष्ट मला फार आवडली. पुढे हे नवं स्विंडन आणि टेकडीवरचं जुनं स्विंडन १९०० साली एकत्र झाले आणि पहिला महापौर कोण, तर रेल्वेचाच मोठा अधिकारी जॉर्ज चर्चवर्ड. १९२० च्या दशकात कारखान्यात १४ हजारांच्या आसपास माणसं होती. गावात दुसरं काम असं फारसं नव्हतंच पुरुषांना.

भोंगा

आता मुलांकडे येतो. मूल कारखान्यात कधीच जात नसे, पण दिवस कारखानाच चालवायचा, आणि तो भोंग्यानं. सकाळी थोड्या-थोड्या वेळानं भोंगा व्हायचा, पहिला उठायला, मग निघायला, मग शेवटचा. गिरणगावात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, लालबाग-परळची कित्येक घरं अशीच भोंग्यावर उठायची. स्विंडनमधे घड्याळ नसलं तरी चालायचं. शाळेत जायची वेळ भोंग्यावरून, आईनं बटाटे कधी टाकायचे ते भोंग्यावरून, बाप घरी कधी येणार तेही भोंग्यावरून. आवाज मैलोन्मैल जायचा, आसपासच्या खेड्यातली माणसंसुद्धा त्यावर चालायची. १८७० च्या दशकात लिडियार्डच्या जमीनदार लॉर्ड बोलिंगब्रोकनं झोपमोड होते म्हणून तक्रार केली, भोंग्याची सरकारी परवानगी रद्दही झाली, तर कंपनीनं वेगळा भोंगा बसवला. गाव भोंग्याच्या बाजूनं उभं राहिलं. साहेबाची झोप एकीकडे आणि हजारो माणसांची हजेरी एकीकडे, कारण उशीर झाला तर पगार कापला जायचा.

हजेरीसाठी प्रत्येकाकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला. पोरांना बापाचा नंबर पाठ असायचा. आणि बाप कुठे काम करतो तर उत्तर एकच, 'इनसाइड'. म्हणजे आत. बाहेरच्या माणसाला वाटेल तुरुंगात आहे की काय, पण स्विंडनमधे 'ही वर्क्स इनसाइड' म्हणजे कारखान्यात, विषय संपला. रेल्वे व्हिलेजच्या बाजूनं आत जायला रुळांच्या खालून एक भुयारी वाट होती. सकाळी तिनं माणसं गिळायची आणि संध्याकाळी परत सोडायची, टोप्याच टोप्या, सायकलीच सायकली, सगळा रस्ता भरून जायचा, त्या दहा-पंधरा मिनिटांत शहाणी बाई बाजारात जायला निघायची नाही. पोरं तोंडाशी थांबायची, गर्दीतून आपला बाप ओळखायचा हा रोजचा खेळ. भुयाराच्या पुढे जायची परवानगी नाही. आमच्या घरमालकीण बाई म्हणाल्या होत्या, मी त्या भुयाराच्या तोंडाशी इतक्या वेळा उभी राहिले पण त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते म्हातारी झाल्यावरच पाहिलं.

मागच्या गल्ल्यांना पोरं 'बॅकसीज' म्हणायची. दोन ओळींतल्या घरांच्या मागच्या दारांमधली चिंचोळी वाट, तिथंच क्रिकेट, तिथंच भांडणं, तिथंच वाळत घातलेले कपडे, आणि चेंडू कपड्यांना लागला की कुठल्या ना कुठल्या बाईचा आवाज. कारखान्यातलं मोडीत निघालेलं लाकूड कामगारांना स्वस्तात मिळायचं, ते आणायचं काम पोरांचं, जुन्या बाबागाडीची चाकं लावून गाडा बनवायचा आणि ढकलत घरी आणायचा. शेकोटीला रेल्वेचंच लाकूड.

ट्रिपचा आठवडा, दोन बाजूंनी

ट्रिप सुरू झाली १८४९ साली. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट म्हणून कामगारांची संस्था होती, लायब्ररी, व्याख्यानं, नाटकं असं सगळं चालायचं, तिनं साधारण पाचशे जणांना गाडीनं ऑक्सफर्डला नेलं. प्रवास मोफत. पुढे वाढत वाढत पहिल्या महायुद्धाआधीच हा आकडा २० हजारांच्या वर गेला, आणि गाव तेव्हा पन्नास हजारांचं, म्हणजे जवळपास अर्धं गाव एका सकाळी निघून जायचं. दुकानं बंद. आणि गंमत म्हणजे वेमथच्या वाळूवर बसायचं ते कुणाबरोबर, तर शेजारच्याच घरातल्यांबरोबर, म्हणून वेमथला लोक 'समुद्रकाठचं स्विंडन' म्हणायचे.

पोरांच्या आठवणीत काय आहे: शिडी, डब्यातली जागा धरणं, समुद्र आधी कुणाला दिसतो याची पैज, वाळूचा खाऊत शिरलेला दाणा. पूर्ण आनंद. कुणाचीही आठवण घ्या, सुरुवात अशीच.

मी घरमालकीण बाईंना विचारलं होतं, तुमची आई काय म्हणायची ट्रिपबद्दल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, आई वर्षभर एका डब्यात पैसे टाकायची, आणि त्या डब्याला बाबांनीही हात लावलेला तिला चालायचा नाही. मला तेव्हा वाटलं खाऊचे पैसे असतील. नंतर कळलं की ट्रिपची सुट्टी बिनपगारी असायची! कारखाना बंद म्हणजे पगार बंद. गाडीचा पास फुकट, पण राहायची खोली, खाणं, पोरांचे नवे बूट हे सगळं स्वतःचं, आणि परत आल्यावर हातात पगार नाही. समुद्राहून येऊन पुढचे दिवस आई भाकरीचा, म्हणजे त्यांच्या ब्रेडचा, तुकडान्‌तुकडा मोजायची. ज्यांना परवडायचं नाही ते एका दिवसात जाऊन यायचे किंवा घरीच राहायचे, आणि बिनपगारी मात्र सगळेच. सुट्टीचा पगार मिळायला लागला तो १९३८ च्या कायद्याच्या आसपास, म्हणजे ट्रिप सुरू होऊन जवळजवळ नव्वद वर्षांनी.

एकाच आठवड्याच्या या दोन आठवणी. पोराच्या लेखी ट्रिप कंपनीनं दिलेली भेट, आईच्या लेखी एक बुडालेला पगार. मला इथं पोराला चूक म्हणायचं नाहीये, उलट माझं म्हणणं असं आहे की पोराला फुकट वाटलं हेच त्या आईचं कर्तृत्व. तिनं तो डबा दिसू दिला नाही. भुसावळहून पासवर आम्ही आजोळी जायचो तेव्हा आमच्या आईनंही काय काय लपवलं असेल ते मी त्या दिवशी स्विंडनच्या स्वयंपाकघरात बसून पहिल्यांदा विचारात घेतलं.

डॉक्टर, तलाव, केक

मेडिकल फंडाचं तसंच. १८४७ साली मंदी होती, कामावरून माणसं कमी केलेली, नव्या वस्तीत सांडपाण्याची सोय धड नाही, आजार पसरलेले. तेव्हा हा फंड सुरू झाला, प्रत्येक कामगाराच्या पगारातून ठराविक रक्कम कापायची आणि त्यातून सगळ्या कुटुंबाला डॉक्टर आणि औषध. वर्गणी सक्तीची, कारभार कामगारांच्या कमिटीकडे. पुढे स्वतःचं छोटं हॉस्पिटल झालं, दवाखाना झाला, दाताचे डॉक्टर, डोळ्याचे डॉक्टर, आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिल्टन रोडवर मोठी इमारत, तिच्यात पोहायचे तलाव, आंघोळीच्या खोल्या आणि तुर्की पद्धतीचं वाफेचं स्नानगृहसुद्धा. बहुतेक घरांत न्हाणीघर नव्हतं हे लक्षात घ्या. आठवड्याची आंघोळ एक तर चुलीसमोर पत्र्याच्या टबात, आधी कोण नंतर कोण या क्रमानं त्याच पाण्यात, नाहीतर मिल्टन रोडला जाऊन. १९४८ मधे देशभर सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आली तेव्हा इंग्लंडला डॉक्टर फुकट मिळतो याचं अप्रूप वाटलं, स्विंडनला शंभर वर्षांची सवय होती. तिथले लोक आजही अभिमानानं सांगतात की एनएचएसची कल्पना आमच्याकडे आधीच चालू होती, आणि मला वाटतं त्यांना तो अभिमान पूर्ण शोभतो. फक्त ते 'रेल्वेनं दिलं' म्हणतात तिथं मी अडतो. रेल्वेनं जागा दिली, मदत केली, गूचनं शब्द टाकला हे खरं, पण शंभर वर्षं हप्ता भरला तो फिटर, बॉयलरवाले, लोहार यांनी.

केकची गोष्ट मात्र निर्मळ आहे. ऑगस्टमधे रेल्वेच्या पार्कात मुलांचा मेळा, तोही मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचाच कार्यक्रम. प्रत्येक मुलाला कागदी पिशवीत सुक्यामेव्याच्या केकचा जाड तुकडा, अर्धा पौंड वजनाचा, चहा, आणि पाळण्याचं एक फुकट तिकीट. हजारो मुलं, टनावारी केक. दुसऱ्या महायुद्धानं तो मेळा थांबवला. ज्यांनी तो केक खाल्ला होता ते सत्तर वर्षांनीही हातानं दाखवायचे की तुकडा एवढा होता, आणि तो हात वर्षागणिक थोडा मोठा होत जात असेल तर जाऊ दे ना, असूदे.

मुलगे आणि मुली

मुलग्याचं ठरलेलं होतं. बाप आत असेल तर चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा आत, आधी निरोप्या नाहीतर हरकाम्या, मग एकविसाव्या वर्षापर्यंत अप्रेंटिस. शाळेत मास्तर विचारायचेच नाहीत की मोठा होऊन काय होणार. पुलावर उभं राहून इंजिनांचे नंबर वहीत टिपायचे, किल्ल्यांची नावं, राजांची नावं इंजिनांवर, ती तोंडपाठ, आणि ज्या इंजिनाचा नंबर आज टिपला ते आपल्याच बापानं, काकानं, समोरच्या घरातल्या माणसानं जोडलेलं. याचा केवढा ताठा असेल विचार करा. १९६० साली ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन 'इव्हनिंग स्टार' स्विंडनमधेच तयार झालं. त्या काळात तिथं जी पोरं दहा-बारा वर्षांची होती त्यांना बापाच्या कामाचा शेवट कळलाही आणि नाहीही.

मुलींबद्दल आठवणींच्या गप्पांत फार कमी निघतं, आणि मुद्दाम विचारावं लागतं. कारखान्यात डब्यांच्या गाद्या शिवायच्या विभागात १८७० च्या दशकापासून मुली होत्या, कारण मुलींना गावात काम नाही म्हणून मुली असलेले चांगले कारागीर गाव सोडायला लागले होते. पुढे कपड्यांचा कारखाना, तंबाखूचा कारखाना, आणि १९१९ पासून गॅरार्ड, हो तेच रेकॉर्ड प्लेअरवालं गॅरार्ड, आपल्याकडे जुन्या शौकीन मंडळींच्या घरात ज्याचा टर्नटेबल असायचा ते. ते स्विंडनचं, आणि तिथं जोडणीच्या कामाला मुलीच मुली.

आठवणीत न येणारं

आता जड भाग. बॉयलरच्या विभागातले कामगार बहिरे व्हायचे, सतत हातोड्याचा आवाज, त्यामुळे ओठ वाचायची त्यांना सवय. पोरांना आठवतं ते 'बाबा मोठ्यानं बोलायचे'. बस एवढंच, कारण पोराला ते स्वभाव वाटतं, दुखापत नाही वाटत.

आणि अॅस्बेस्टॉस. बॉयलरला गुंडाळायला, नंतर डब्यांच्या आतल्या बाजूला फवारायला तो वापरत होते. बाप कामावरून यायचा तो कपड्यांवर भुकटी घेऊन, पोरगं पळत जाऊन मिठी मारायचं, आई ते कपडे झटकून धुवायची. वीस, तीस, चाळीस वर्षांनी फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, आणि फक्त कामगारांना नाही, काही बायकांनाही ज्यांनी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या रोगाला 'स्विंडनचा आजार' असं नाव पडलं. भुयाराच्या तोंडाशी बाप ओळखून धावत जायचा जो खेळ वर सांगितला, तो याच्याशी जोडून बघा. मी बाईंना याबद्दल विचारलं नाही. त्यांच्या नवऱ्याचा फोटो भिंतीवर होता आणि मला विचारवलं नाही.

म्हणून अशी आठवण गोळा करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की भोंगा, केक, समुद्र लिहून घ्या, जरूर घ्या, पण त्याच बैठकीत आईचा डबा विचारा, बापाचे कान विचारा, कपडे कोण धुवायचं ते विचारा. माणसं सांगतात. कुणी विचारलेलं नसतं म्हणून राहिलेलं असतं.

बंद झाल्यावर

१९८५ हे ग्रेट वेस्टर्नचं दीडशेवं वर्ष, सोहळ्याची तयारी चाललेली, आणि त्याच वर्षी कारखाना बंद करायचं जाहीर झालं. गावानं सोहळा करायचा तरी कसा! मार्च १९८६ मधे शेवटचा भोंगा झाला. ज्यांनी तो ऐकला ते सांगतात की नंतर कित्येक दिवस त्या त्या वेळेला कान आपोआप टवकारायचे. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची इमारतही त्याच सुमारास बंद पडली आणि वर्षानुवर्षं तशीच मोडकळीला आली, जिनं पाचशे जणांना ऑक्सफर्डला नेलं त्या संस्थेचं घर असं बघून मला खरंच त्रास व्हायचा. रेल्वे व्हिलेजची घरं मात्र वाचली, ती नगरपालिकेनं १९६६ मधेच घेतली होती. कारखान्याच्या काही शेडमधे आता ब्रँडच्या कपड्यांचं मोठं शॉपिंग सेंटर आहे आणि एका भागात २००० सालापासून रेल्वेचं म्युझियम.

आणि एक गोष्ट, जी मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हती. स्विंडनमधे आज गोव्याची माणसं हजारोंनी आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, गोदामांत, कारखान्यांत, केअर होममधे काम करणारी. बसमधे कोंकणी ऐकू आली की मी वळून बघायचोच. रेल्वेसाठी मजूर हवेत म्हणून जे गाव शून्यातून उभं राहिलं तिथं परत एकदा दुरून कामाला आलेली कुटुंबं, शिफ्टवर जाणारे आईबाप, आणि आईबाप नेमकं कुठं काम करतात ते धड माहीत नसलेली पोरं.

ती भुयारी वाट आता सगळ्यांसाठी उघडी आहे, रेल्वे व्हिलेजमधून शॉपिंगला जायला लोक तिचाच रस्ता म्हणून वापर करतात. एका शनिवारी मी तिथून चाललो होतो, पुढे एक बाई, युनिफॉर्मवर जॅकेट घातलेलं, बहुधा रात्रपाळीहून आलेली, आणि बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याला भुयारात आवाज घुमतो ते कळलं होतं, तो 'आई गे' म्हणून ओरडायचा आणि थांबून ऐकायचा. ती म्हणाली, 'चल रे बाबा, वेळ जाता.' तो धावत दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून परत ओरडला.